गाळपेरीतला पंचनामा

दिनांक १८ जानेवारी १९७४, शुक्रवार, सकाळी साडेआठ. ही तारीख सांगायला मला डायरी उघडावी लागत नाही.

जागा: सोलापूरच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या वाटेवरच्या एका जुन्या तलावाचा काठ. हजर माणसे: मी, ठाण्याचा फौजदार, वय एकोणतीस, माझे जमादार, नोकरीची पंचवीस वर्षे झालेले, दोन शिपाई, पाटबंधारे खात्याचा तलावावरचा चौकीदार, आणि गावातले एक वजनदार शेतकरी. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही इथे तेवढेच म्हणतो. चौकीदार आणि अण्णा हे पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे त्रयस्थ साक्षीदार. त्याच दुपारी कागदावर आणखी दोन नोंदी झाल्या. एक पारधी, संशयित म्हणून. आणि त्याची गाय, मुद्देमाल म्हणून.

या हजेरीत एक चूक आहे. ती मला दोन दिवसांनी दिसली, आणि दिसल्यावर मी जे केले त्यासाठी हे लिहीत आहे.

खबर आदल्या दिवशी आली होती. गुरुवारी दुपारी अण्णा फटफटीवरून ठाण्यात आले, खुर्ची स्वतःच ओढून बसले.

“फौजदारसाहेब, तलावाकडं लक्ष हाय का तुमचं?”

“काय झालं अण्णा?”

“पारध्यानं पान्यात इख घातलंया. पाखरं पटापटा मरायलीत. आता हीच पाखरं बाजारात यिऊन बसतील. कुनी खाल्लं आन् मेलं, तर नाव कुनाचं खराब हुईल? ठान्याचंच की.”

जमादारांनी विचारले, “कुटला पारधी?”

“आता तितं किती हायती? एकच. गायवाला.”

जमादार माझ्याकडे पाहून हसले. केस संपली असाच त्या हसण्याचा अर्थ होता. कारण कपाटात एक वही होती. हद्दीत काहीही झाले, चोरी, जाळपोळ, गंजीला आग, की त्या वहीतल्या माणसांना आधी आणायचे. पारध्यांना जन्मापासून गुन्हेगार मानणारा इंग्रजांचा कायदा केव्हाच रद्द झाला होता. वहीचे मथळे बदलले, नावे तीच राहिली. मला कागद नीटनेटके लागतात. त्या ठाण्यात हजर झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती जीर्ण वही नव्याने लिहून काढली होती. रकाने आखले, अक्षर सुवाच्य काढले. गायवाल्या पारध्याचे नाव अकराव्या ओळीवर होते. त्याच्यावर शाबीत झालेला एकही गुन्हा नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात जुन्या वहीत ‘पाळत आवश्यक’ असे होते, ते मी तसेच उतरवले.

घाई करायला आणखी एक कारण होते. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक वरिष्ठ साहेब रविवारी त्याच तलावावर बदकांच्या शिकारीला येणार होते. जीप, सतरंज्या, चहाचा थर्मास, पाण्यात उतरून पडलेली बदके आणणारे दोन शिपाई, अशी यादी मी करून ठेवली होती. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. त्याची प्रत ठाण्यात आली होती. गठ्ठ्याची सुतळी कोणी सोडली नव्हती. मीही नाही.

शुक्रवारी सकाळी तलावावर पोचलो. हा तलाव खोल नाही, पसरट आहे. बाहत्तरच्या दुष्काळात त्याच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्र्याहत्तरच्या पावसाने तो भरला आणि त्या हिवाळ्यात पाखरे परत आली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले करडे हंस, करकोचे, तऱ्हेतऱ्हेची बदके. हिमालयापलीकडून ती येतात हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला एवढेच माहीत होते की साहेबांना ती आवडतात.

पाणी जसजसे मागे सरते तसतसा काठाला सुपीक गाळ उघडा पडतो. त्या गाळात पेरायला सरकार हंगामापुरती जमीन देते, तिला गाळपेर म्हणतात. पूर्वेकडच्या काठावरची बहुतेक गाळपेर अण्णांकडे होती. हरभरा गुडघ्याला आला होता, घाटे भरले होते. त्या हिरव्या पट्ट्याच्या आणि पाण्याच्या मध्ये ओल्या चिखलात हंस पडले होते. पंख अर्धवट उघडे, माना लांब ताणलेल्या, सगळ्यांच्या चोची पाण्याकडे. मी मोजले. हंस सव्वीस, करकोचे चार. एक हंस लचके तोडलेला, आणि त्याच्याजवळच घारी दोन व गावठी कुत्रे एक, तीही मेलेली. जिवंत पाखरे तलावाच्या मधोमध दाटीने बसली होती. आमच्यापैकी कोणी मोठ्याने बोलले की सगळा थवा एकदम हलायचा.

पंचनामा लिहायला आम्ही अण्णांच्या खोपीपुढे बसलो. अण्णांच्या गड्याने काट्यांचा जाळ करून हरभऱ्याचा हुळा भाजला. काळे झालेले गरम घाटे तळहातावर चोळायचे, फुंकर मारायची आणि आतले हिरवे दाणे तोंडात टाकायचे. मी डाव्या हाताने हुळा खात होतो आणि उजव्या हाताने लिहीत होतो. घटनास्थळाच्या आसपास जे दिसेल ते सगळे टिपायचे, अशी मला शिकवण होती आणि तिचा मला अभिमान होता. मी लिहिले: खोप एक, गवताने शाकारलेली, बाभळीच्या काट्यांचे कुंपण, मोडका कुळव एक, खोपीमागे पत्र्याचा डबा एक, रिकामा, उपडा ठेवलेला, उग्र वास येत असलेला.

अण्णांनी कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. वाचताना थांबले नाहीत. वळणदार सही केली आणि म्हणाले, “लई बारीक नजर हाय साहेब तुमची.”

मला ते आवडले होते. तेही इथे लिहून ठेवतो.

पारध्याचे पाल तलावाच्या बांधापलीकडे होते. तो, त्याची बायको आणि गाय. माणूस चाळिशीचा, वाळका, बोलताना खाली न पाहणारा. पालात घोड्याच्या केसांचे बारीक फासे गुंडाळून ठेवले होते. ते मी जप्त केले. गाय लहान चणीची, तांबडी. तिच्या नाकात वेसण नव्हती. जमादारांनी तिचे काम मला समजावले. पारधी तिच्या आडोशाने चालतो. पाठीवर तळवा ठेवला की ती थांबते, उचलला की चरत चरत पुढे सरकते, कुशीला बोट लावले की वळते. तितर, लावे तिला बघून बुजत नाहीत, कारण त्यांना फक्त गाय दिसते. तिच्या पायांमागून माणूस हळूच फासे मांडत जातो. वासरू असल्यापासून तीन-चार वर्षे शिकवावे तेव्हा एक गाय अशी तयार होते.

“म्हणजे गुन्ह्याचं हत्यारच की,” मी म्हणालो. जमादारांनी मान डोलावली. गाय मुद्देमालात लिहिली आणि कोंडवाड्यात पाठवली.

चौकशी ठाण्यात झाली. मी प्रश्नांची यादी करून बसलो होतो.

“तलावावरची पाखरं धरतोस?”

“धरतो की साहेब. खोटं कशाला बोलू. दोन-चार. समदी धरली तर फुडल्या साली यायाचं कुनी?”

“विष कुठून आणलंस?”

“इख घातलेलं पाखरू आमी खावं कसं? इकावं कसं? मी फास घालनारा मानूस. फाशात पाखरू जितं घावतं.”

“सरळ उत्तर दे.”

“सरळच हाय की ह्ये, साहेब.”

ते खरोखरच सरळ होते. व्यवहाराच्या चार गोष्टी कळणाऱ्या कोणालाही पटावे असे. मला ते पटू लागले होते म्हणूनच मी उठलो. जमादारांना म्हणालो, “तुम्ही विचारा,” आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. जमादारांच्या विचारण्यात कातडी पट्टा असे, हे मला माहीत होते. मी स्वतः हात उगारला नाही. असे सांगून मला कोणतीही सवलत मिळत नाही. दार मीच ओढून घेतले होते.

शनिवारी सकाळी त्याची बायको ठाण्याच्या आवारात लिंबाखाली येऊन बसली. मी आलो तशी उठली.

“सायेब, त्येला मारायचं तर मारा. पन गाईला कोंडवाड्यात ठिवू नगा.”

पहाऱ्यावरचा शिपाई हसला. “का ग? नवऱ्यापरीस गाय लाडकी व्हय?”

ती त्याच्याकडे न बघता मलाच म्हणाली, “त्यो मार इसरतो. ती इसरत न्हाय.”

मी हे वाक्य ऐकले आणि आत गेलो. कामांच्या यादीत ते बसत नव्हते.

दुपारी बारा वाजता त्याने कबूल केले, ते मी लिहून घेतले. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला पाठ होते. आरोपीने वस्तू स्वतः काढून दिली तर मात्र तेवढा भाग टिकतो. म्हणून विषाचा डबा कोठे लपवला ते दाखवतो, असे निवेदन लिहून त्याच्यापुढे ठेवले. अंगठा उठवण्याआधी त्याने विचारले, “काय लिवलंय ह्यात?”

“डबा काढून देतोस असं.”

त्याने माझ्याकडे पाहिले. ओठ सुजला होता, त्यामुळे हसला की नाही ते कळले नाही.

“इख मी घातलं ह्ये तुमी सांगितलं, मी व्हय म्हनलं. आता डबा कुटं ठिवलाय, ते बी तुमीच सांगा की साहेब.”

जमादार पुढे सरकले. मी त्यांना थांबवले. दयेने नव्हे. हा माणूस डबा काढून देऊ शकणार नाही आणि माझा कागद अपुरा राहणार, हे मला लख्ख दिसले होते.

“डबा मला ठावं न्हाय,” तो पुढे म्हणाला. “पन पाखरं कुटं चरली आन् का मेली, ते दावतो. सकाळच्या पारी चला.”

त्याच संध्याकाळी निरोप आला की साहेबांनी शिकार रद्द केली आहे. पाखरेच मेली असतील तर येऊन काय करू, असे त्यांचे शब्द होते.

रविवारी उजाडताना आम्ही तलावावर होतो. मी, जमादार आणि तो. पंच नेले नाहीत. त्याने आम्हाला बांधाच्या उतारावर बसवले आणि हात न उचलता, नुसत्या हनुवटीने, एकेक पाखरू दाखवत गेला. दसऱ्याला बारकी बदके येतात. दिवाळीनंतर तांबूस मोठी, ती जोडीने राहतात. हरभरा फुलोऱ्यात आला की हंस, घाटे भरले की करकोचे. कोण पाण्यात तोंड घालून खातो, कोण चिखल चिवडतो, कोण रानात चरतो, कोण आधी उडतो, कोण शेवटी परततो. त्यालाही याद्या येत होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या, आणि त्यात कोणाचे नाव चुकीच्या रकान्यात नव्हते.

“आता बगा. हंस चरतो रानात आन् पितो पान्यात. इख पोटात गेलं की आग हुती, मग त्यो पान्याकडं पळतो. मरतो काठाला. म्हून तुमाला वाटलं, पान्यातच इख हाय.”

“नाही कशावरून?”

“पान्यात असतं तर पैलं मासं मेलं असतं. या, बगा.”

आम्ही काठावर वाकलो. बोटाएवढ्या माशांचे पुंजके उथळ पाण्यात मजेत फिरत होते. शुक्रवारी मी त्याच काठावर तासभर उभा होतो.

मग त्याने चिखलातला एक मेलेला हंस उचलला आणि त्याचे नरडे चिरायला जमादारांकडे चाकू मागितला. जमादारांनी माझ्याकडे पाहिले. मी माझा दिला. नरडे दाण्यांनी ठासून भरलेले होते. ज्वारी.

“हरभऱ्याच्या रानात जुंधळा कुटनं आला, साहेब?”

तो चालत अण्णांच्या गाळपेरीकडे गेला, आम्ही मागून. पाण्याकडच्या, हरभऱ्याच्या शेवटच्या सरीशी, जिथून पाखरे पहाटे चालत वर येतात, तिथे ज्वारीचे दाणे एका ओळीत टाकलेले होते. बरेचसे वेचले गेले होते, काही चिखलात रुतून राहिले होते. मी चार दाणे रुमालात घेऊन नाकाशी नेले. तो वास मला नवा नव्हता. हुळा खाताना तो माझ्या नाकात होता. मी डायरीतली पंचनाम्याची नक्कल काढून वाचली. ‘पत्र्याचा डबा एक, रिकामा, उपडा ठेवलेला, उग्र वास येत असलेला.’ माझेच अक्षर, आणि खाली पंचाची वळणदार सही.

खोपीमागे गेलो. डबा नव्हता. मातीत त्याच्या काठाचा गोल तेवढा उमटून राहिला होता.

जमादार हळूच म्हणाले, “साहेब, गाळपेर कुनाची हाय, ते ध्यानात घ्या.” ते मला सावध करत होते. त्यांच्या पद्धतीने ते माझी काळजी घेत होते.

सोमवारी सकाळी अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी नाकारण्याचा आव आणला नाही.

“दोन वरसं तळ्यात चिलटं बी न्हवती, साहेब. पैल्यांदा पीक उभं ऱ्हायलं, आन् ही पावनी मंडळी रोज सकाळी पंगतीला. हाकारून दमलो. फवारनीचं औषध घरात हुतं, चार पायली जुंधळा भिजवला. काय मानसं मारली का मी?”

“मग पारध्याचं नाव का घेतलंत?”

“कुत्रं मेलं, घारी पडल्या, गावात बोभाटा व्हायला लागला. कुनाचं तरी नाव घ्यायाच पायजे की. त्येचं काय, त्येला सवय हाय.”

“मला तुमच्यावर गुन्हा लावावा लागेल, अण्णा.”

ते मनापासून हसले. “लावा की! तुमच्या पंचनाम्यावर सही कुनाची हाय? माजी. खबर कुनी दिली? मीच. हुळा कुनी खाल्ला? आता कोडतात काय सांगनार, फौजदारसाहेब? चोराला इचारून चोरी लिवली म्हनून?” मग आवाज उतरवून म्हणाले, “च्या घ्या. तुमी अजून तरने हाय.”

मी चहा घेतला नाही. त्या चार दिवसांत मी दाखवलेला कणखरपणा तेवढाच.

वरिष्ठांना सगळे सांगितले. त्यांनी अडवून विचारले, “पंच म्हणून खबर देणाऱ्यालाच का घेतलंत?” माझ्याकडे एकच उत्तर होते: तशी पद्धत आहे. गावातला प्रतिष्ठित माणूस पंच घ्यायचा, तो जवळ असेल तर बरे, आणि सही करता येणारा असेल तर फारच बरे. ते म्हणाले, “कोर्टात ठाण्याचं हसं होईल. ‘अ’ समरी पाठवा.”

‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. मी ती लिहिली. आरोपीच्या घरून परत आल्यावर, चोवीस तासांच्या आत, स्वच्छ अक्षरात. मारहाणीचा त्यात उल्लेख नव्हता. त्या कबुलीचा कागद मी फाडलाही नाही. तो फाईलमध्ये तसाच राहू दिला, कारण फाईलमधला कागद काढू नये असा नियम आहे. नियम मला तिथे आठवला.

मंगळवारी पारध्याला सोडले आणि गाय परत द्यायला मी स्वतः कोंडवाड्यावर गेलो. यात काही चांगुलपणा आहे असे मला त्या वेळी वाटत होते. त्याची बायको आधीच फाटकाशी उभी होती. कोंडवाड्यात मोकाट बैल, वळू, चुकलेली गुरे एकत्र. राखणदाराच्या हातात वेळूची काठी. गाय बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर आणि कुशीवर वळ होते. तेवढे मला अपेक्षितच होते.

पारधी तिच्या उजव्या बाजूने गेला, तोंडाने बारीक आवाज करत. त्याने तळवा तिच्या पाठीवर ठेवला.

गाय उधळली. फाटकाच्या खांबाला धडकून रस्त्यावर गेली आणि थरथरत उभी राहिली. त्याने थोडे थांबून पुन्हा तसेच केले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने हात तिच्या अंगापासून वीतभर अंतरावर नुसता धरला, आणि तेवढ्यानेही तिची कातडी शहारली. चार वर्षे त्याने तिला शिकवले होते की हात लागला की थांबायचे. आम्ही चार दिवसांत शिकवले की हात लागला की पळायचे.

तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरे वाटले असते. तो तिच्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. बायको माझ्याजवळ आली.

“म्या सांगितलं व्हतं, सायेब.”

“दुसरी शिकवता येईल,” मी म्हणालो.

“व्हय,” ती म्हणाली. “तुमच्या कपाटात दुसरी असंल तर द्या.”

त्या उन्हाळ्यात त्यांचे पाल उठले. कुंभारीकडे रस्त्याच्या कामावर दोघे खडी फोडत आहेत, असे जमादारांनी सांगितले. पुढच्या हिवाळ्याबद्दल मी चौकीदाराला पत्र पाठवून विचारले. हंस आले, पण थोडे, आणि काठाला आले नाहीत, असे त्याने कळवले. कोण आले, कोण आले नाही, हे बिनचूक सांगू शकणारा एकच माणूस त्या तलावावर होता. त्याला आम्हीच तिथून उठवले होते. गाळपेर पुन्हा अण्णांनाच मिळाली.

या केसने मला काय शिकवले ते पोलीस प्रशिक्षणार्थींना मी पुढे अनेकदा सांगितले. खबर देणाऱ्याला पंच घेऊ नका. नाकाला आलेला वासही पुरावा असतो, नुसता लिहू नका, त्याचा विचार करा. जो ज्या पाण्यावर जगतो तो त्यात विष कालवत नाही. कालवणारा शोधायचा तर ते पाणी ज्याच्या आड येते तो शोधा. पोरे वहीत उतरवून घेत. ती केस कोणाची होती हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. ‘एका अधिकाऱ्याची’ म्हणत असे.

एक गोष्ट करता आली असती. वहीतली अकरावी ओळ खोडणे. त्यासाठी कारण लेखी द्यावे लागते. कारण द्यायचे तर कबुली खोटी होती हे लिहावे लागते, आणि ती कशी घेतली हेही. आज करू, उद्या करू म्हणत जून उजाडला आणि माझी बदली झाली. कार्यभार सोपवताना दिलेल्या कागदपत्रांच्या यादीत ती वही होती. मी सही करून ती पुढच्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. तीन वर्षांनी, निवृत्त झालेल्या जमादारांचे पत्र आले. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका घरफोडीत त्या पारध्याला आठ दिवस आत ठेवले होते. त्याचा काही संबंध नव्हता. वहीत त्याच्या नावापुढे कोणीतरी नवा शेरा घातला होता: ‘पूर्वी विषप्रयोगाची कबुली दिलेली आहे.’

निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्या ठाण्यावर गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने जुना माणूस म्हणून आदराने बसवले, चहा मागवला, विनंती केल्यावर यादी दाखवली. आता ती टाईप केलेली आहे. अकराव्या ओळीवर ‘मयत’ असा शेरा आहे. त्याच्या खाली बाराव्या ओळीवर त्याच्या मुलाचे नाव आहे, पाल उठल्यानंतर जन्मलेल्या मुलाचे. गुन्ह्याच्या रकान्यात रेघ आहे आणि शेऱ्यात लिहिले आहे: ‘वडील यादीवर होते. पाळत आवश्यक.’ शेवटचे दोन शब्द माझे आहेत, मीच उतरवलेले.

“हे नाव कसं काढता येईल?” मी विचारले.

“सोपं आहे, सर,” तो म्हणाला. “तुम्ही तपासी अधिकारी होता ना? काय घडलं ते लिहून अर्ज द्या. मी वर पाठवतो.”

मी रोज सकाळी दिवसाच्या कामांची यादी करतो. विजेचे बिल, बागेला पाणी, दवाखाना. रात्रीपर्यंत सगळ्यांपुढे खूण झालेली असते. पहिल्या ओळीवरचे काम गेले वर्षभर तेच आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे: तारीख, ठिकाण, हजर माणसांची नावे, डब्याचे वर्णन, मासे जिवंत होते हेही. ‘सदर इसमाची कबुली मी खालीलप्रमाणे मिळवली’ एवढे लिहून झाले आहे. त्याखाली अर्धे पान कोरे आहे.

आज सकाळी पुन्हा ते काम पहिल्या ओळीवर लिहिले.